कामठीचे रुस्तमजी: बीएसएफ उभी करणारा आपला माणूस

कन्हानकाठ:

नमस्कार मंडळी. धागा जरा लांब होणार आहे, वेळ काढून वाचा ही विनंती.

मागच्या महिन्यात माझे बाबा बीएसएफमधून रिटायर झाले. ३७ वर्षं नोकरी, शिपाई म्हणून लागले आणि सब इन्स्पेक्टर म्हणून बाहेर पडले, शेवटचं पोस्टिंग बंगालमध्ये. विदाईला आई आणि मी दोघी गेलो होतो, बडाखाना होता, मोठे साहेब लोकसुद्धा जवानांच्याच पंगतीत जेवले. जेवण झाल्यावर बाबा आम्हाला हॉलमध्ये घेऊन गेले, तिथे भिंतीवर एक फोटो होता, त्याच्यासमोर ते सावधान उभे राहिले आणि कडक सॅल्यूट ठोकला. मग मला म्हणाले, "हे रुस्तमजी साहेब. आपली फोर्स यांनी उभी केली. कामठीचे आहेत, आपल्या घरापासून चार किलोमीटरवर जन्मले."

मी पस्तीस वर्षांची आहे, अख्खं शिक्षण नागपुरात झालं आणि हे नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. खरंच वाईट वाटलं. मग घरी येऊन महिनाभर जे मिळेल ते वाचत बसले, बाबांना प्रश्न विचारून भंडावून सोडलं, आणि आता इथे लिहितेय.

खुसरो फरामर्झ रुस्तमजी. जन्म २२ मे १९१६, कामठी, पारशी घर. शिक्षण नागपूर आणि मुंबई. नागपूरच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये दोनेक वर्षं शिकवण्याचं काम केलं आणि १९३८ मध्ये तेव्हाच्या मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या पोलीस सेवेत आले. इंग्रजांच्या काळात वर्दी घातली, स्वातंत्र्यानंतर तीच वर्दी नव्या देशासाठी घातली. १९५२ पासून सहा वर्षं पंतप्रधान नेहरूंच्या सुरक्षेचे प्रमुख होते. त्या काळात नेहरू गर्दीत सरळ घुसायचे, कडं तोडून लोकांपर्यंत जायचे, अशा माणसाला सहा वर्षं सांभाळायचं म्हणजे काय जबाबदारी असेल विचार करा. त्यानंतर मध्य प्रदेश पोलिसांचे प्रमुख, म्हणजे चंबळचे डाकू. आणि मग १९६५.

इथे थांबून सांगते, कारण बीएसएफ का झाली हे मलाच नीट माहीत नव्हतं. तोपर्यंत पाकिस्तानला लागून असलेली सीमा त्या त्या राज्याचे सशस्त्र पोलीस सांभाळायचे. पंजाबचे वेगळे, राजस्थानचे वेगळे, गुजरातचे वेगळे, प्रत्येकाची हत्यारं वेगळी, नियम वेगळे आणि हुकूम देणारेही वेगळे. ९ एप्रिल १९६५ ला कच्छच्या रणात पाकिस्तानी फौजेने सरदार पोस्टवर हल्ला केला, छाड बेट आणि बेरिया बेटवरही. सरदार पोस्टवर सीआरपीएफचे जवान होते, मूठभर लोकांनी अख्ख्या ब्रिगेडचा हल्ला परतवला, तो दिवस सीआरपीएफ आजही शौर्य दिवस म्हणून पाळते. पण दिल्लीला कळून चुकलं की राज्यांच्या पोलिसांवर सीमा सोडून चालणार नाही, केंद्राचं एकच दल पाहिजे. १ डिसेंबर १९६५ ला सीमा सुरक्षा दल उभं राहिलं आणि त्याचे पहिले प्रमुख रुस्तमजी.

हातात काय होतं, तर राज्यांकडून आलेल्या पंचवीसेक बटालियन. एकमेकांना न ओळखणारे जवान, भाषा वेगळ्या. आज हेच दल अडीच लाखांच्या वर आहे आणि बांगलादेशची ४०९६ किलोमीटर सीमा आणि पाकिस्तानची दोन हजार किलोमीटरच्या वर सीमा सांभाळतं. ही इमारत ज्या पायावर आहे तो नऊ वर्षांत घातला गेला. ग्वाल्हेरजवळ टेकनपूरची ट्रेनिंग अकादमी, १९६९ मध्ये विमानं, १९७१ मध्ये स्वतःचा तोफखाना. १९७४ मध्ये ते बीएसएफमधून रिटायर झाले.

आणि माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम रिटायर झाल्यानंतरचं आहे. पण ते मी लिहीत नाही, इथे वकील मंडळी आहेत, त्यांच्यापैकी कुणीतरी लिहावं अशी इच्छा आहे.

---

सावनेर_रोड:

ताई मी कामठीत अकरा वर्षं काढली, छावणीत रोज सायकल चालवली, शप्पथ सांगतो कुणीच सांगितलं नाही. आमच्या शाळेत थोर व्यक्तींच्या फोटोंची रांग होती, त्यात हे नव्हते. हा माणूस आपल्याला का माहीत नाही?

---

कन्हानकाठ:

भाऊ, मी पण हाच विचार करत होते. मला वाटतं १९५६ चा हिशेब आहे हा. राज्य पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि जुन्या मध्य प्रांताचे बाकीचे जिल्हे मध्य प्रदेशात. रुस्तमजींचं केडर मध्य प्रदेशचं झालं. म्हणजे जन्म इकडचा, नोकरी तिकडची, मग दिल्ली. महाराष्ट्राने त्यांना आपलं कधी मोजलंच नाही. मोरोपंत, दत्तोपंत असं काही नाव असतं तर कदाचित लक्षात राहिलं असतं, हेही मनात येतं आणि तेही वाईटच आहे.

---

लष्करची_सून:

सुंदर लिहिलंयस. मी ग्वाल्हेरची, लष्कर भागातली. आमच्याकडे रुस्तमजी हे नाव सगळ्यांना माहीत, कारण टेकनपूर इथून तासाभरावर आणि तिथे त्यांच्या नावाचं इंजिनिअरिंग कॉलेजच आहे, रुस्तमजी इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, माझा चुलतभाऊ तिथूनच शिकला.

पण आमच्या सासऱ्यांच्या पिढीला ते आठवतात चंबळसाठी. गब्बरसिंग हा खरा डाकू होता हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं, भिंडच्या डांग गावचा, लोकांची नाकं कापायचा, सिनेमातल्याचं नुसतं नाव त्याच्यावरून घेतलंय, खरा त्याहून भयानक. नोव्हेंबर १९५९ मध्ये पोलिसांनी त्याला चकमकीत मारलं तेव्हा रुस्तमजी राज्याचे पोलीस प्रमुख होते, आणि १४ नोव्हेंबरला नेहरूंचा वाढदिवस असतो तर त्यांनी ही बातमी वाढदिवसाची भेट म्हणून कळवली. त्यांच्या डायऱ्या नंतर छापल्या गेल्या त्यात हे आहे. सासरे सांगायचे की त्या बातमीनंतर बायका पहिल्यांदा संध्याकाळी विहिरीवर गेल्या. आमच्यासाठी पोलीसप्रमुख म्हणजे काय तर हे.

---

पवनार_आश्रम:

चंबळचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगायला हवी. मी वर्ध्याचा आहे, विनोबांच्या विचारांत वाढलेला. मे १९६० मध्ये विनोबा भिंड मोरेनाच्या खोऱ्यात पायी फिरले आणि वीसेक डाकूंनी त्यांच्यापुढे बंदुका ठेवल्या. मानसिंगाच्या टोळीतला लुक्का त्यात होता. त्या वेळी रुस्तमजींनी जाहीरपणे विनोबांच्या कामावर टीका केली होती. माझे आजोबा त्या यात्रेत होते आणि त्यांना ते शेवटपर्यंत लागून राहिलं. माणूस मोठा असेल, पण ती टीका मला आजही पटत नाही. बंदूक खाली ठेवणाऱ्या माणसाला पहिलं पाऊल टाकू द्यायला हवं होतं.

---

लष्करची_सून:

दादा, तुमच्या आजोबांबद्दल आदर आहे. पण इकडची बाजू पण ऐका. ज्यांची माणसं मारली गेली, ज्यांच्या मुली पळवल्या, त्यांना त्या डाकूंच्या गळ्यात हार पडलेले बघावे लागले. पोलीस खात्यातल्या किती जणांनी त्या दऱ्यांमध्ये जीव गमावला. रुस्तमजींचं म्हणणं साधारण असं होतं की याने डाकूंना हिरो केलं जातं आणि पोलिसांचं मनोधैर्य खचतं. आपल्या शिपायांच्या बाजूने उभं राहायचं आणि तेही अख्खा देश ज्यांना संत मानतो त्यांच्या विरोधात जाऊन, हे मला तरी कौतुकाचं वाटतं.

---

पवनार_आश्रम:

मान्य की धैर्य लागलं असेल. तरी माझं मत तेच. आपण दोघं आपापल्या जागी राहू.

---

निवृत्त_उस्ताद:

जय हिंद. मी लातूरकडचा, बीएसएफमध्ये ३४ वर्षं केली, त्यातली शेवटची काही चाकूरच्या ट्रेनिंग सेंटरला उस्ताद म्हणून. टायपिंगची सवय नाही, चूकभूल द्यावी.

ताईंच्या बाबांना माझा सॅल्यूट सांगा. त्यांनी फोटोला सॅल्यूट का केला ते मी सांगतो. आम्ही भरती झालो तेव्हा आमचे उस्ताद सुरुवातीच्या बटालियनमधले होते, मूळ राजस्थानच्या सशस्त्र पोलिसांचे (आरएसी), ते सांगायचे की ६५ साली एकाच चौकीवर एकाचा पगार एवढा तर दुसऱ्याचा तेवढा, एकाकडे एक रायफल तर दुसऱ्याकडे दुसरी, आणि वरून हुकूम कुणाचा ऐकायचा तेही कळेना, अशा लोकांची एक वर्दी एक कायदा एक फोर्स करायची म्हणजे नुसती ऑर्डर काढून होत नाही, साहेब लोकांना चौकीवर जाऊन बसावं लागतं, जवानाची रोटी खावी लागते. बीएसएफचा कायदा १९६८ ला आला पण फोर्स त्याआधीच बनली होती असं ते म्हणायचे.

लोकांना वाटतं बॉर्डर म्हणजे वाघा अटारीची परेड. बॉर्डर म्हणजे नाका. रात्री दोघं तिघं जण जागा धरून झोपून राहायचं, हालचाल नाही, बिडी नाही, खोकला आला तर तोंडात रुमाल. पंजाबात डिसेंबरमध्ये धुकं असं की शेजारचा माणूस दिसत नाही. कच्छच्या रणात मीठ डोळ्यात जातं. सुंदरबनात चौकीच पाण्यावर, बोटीवरच राहायचं, भरती ओहोटी बघून गस्त.

आणि रुस्तमजी साहेबांची खरी शिकवण कुठे दिसते ते सांगतो. बीएसएफला दिलेल्या कामांत पहिलं काम शत्रूला मारणं नाही, सीमेवर राहणाऱ्या लोकांच्या मनात सुरक्षिततेची भावना निर्माण करणं हे आहे, मग तस्करी आणि घुसखोरी थांबवणं. आम्हाला हे पाठ करवून घ्यायचे. बांगलादेश बॉर्डरवर तारबंदी झिरो लाइनपासून, म्हणजे प्रत्यक्ष सीमारेषेपासून, दीडशे यार्ड आत आहे, म्हणजे आपल्याच शेतकऱ्याची जमीन तारेच्या पलीकडे राहते. तो सकाळी गेटवर येतो, कार्ड दाखवतो, गेट उघडतं, संध्याकाळी वेळेत परत. त्याच्यासाठी सरकार म्हणजे गेटवरचा जवान. तिथे एखादा पोरगा चिडून बोलला तर मी त्याला बाजूला घेऊन सांगायचो, अरे हा आपल्या बापासारखा शेतकरी आहे, तुझा बाप असा रोज गेटवर उभा राहिला असता तर? लातूर बीडकडची पोरं लगेच समजायची कारण ती पण शेतकऱ्याचीच.

---

सॉल्टलेक_मराठी:

उस्ताद, दंडवत. कोलकात्यात तीस वर्षं राहतोय, इथल्या बंगाली मित्रांकडून १९७१ च्या गोष्टी ऐकल्यात त्यात बीएसएफ आणि रुस्तमजी सारखे येतात, त्याची थोडी भर घालतो.

२५ मार्च १९७१ च्या रात्री ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने कत्तल सुरू केली. तिथल्या अवामी लीग पक्षाचे नेते ताजुद्दीन अहमद आणि अमीरुल इस्लाम लपतछपत पायी सीमेपर्यंत आले. बीएसएफचे इथले आयजी गोलोक मजुमदार त्यांना सीमेवर भेटले आणि कोलकात्याला घेऊन आले, त्याच रात्री रुस्तमजी दिल्लीहून विमानाने पोहोचले. त्या दोघांकडे अंगावरच्या मळलेल्या कपड्यांशिवाय काही नव्हतं, तर रुस्तमजींनी आपल्या बॅगेतले कुर्ते पायजमे त्यांना घालायला दिले, असं मजुमदारांनी नंतर एका मुलाखतीत सांगितलंय. अडीच आठवड्यांनी त्याच ताजुद्दीननी बांगलादेशच्या हंगामी सरकारचे पंतप्रधान म्हणून शपथ घेतली, १७ एप्रिलला, मेहेरपूरजवळ बैद्यनाथतलाच्या आमराईत, ती जागा पुढे मुजिबनगर झाली. त्या समारंभाची पडद्यामागची व्यवस्था बीएसएफची होती. आणि दुसऱ्याच दिवशी कोलकात्यातल्या पाकिस्तानी उपउच्चायुक्तालयावर बांगलादेशचा झेंडा चढला, तिथले प्रमुख हुसेन अली सगळ्या बंगाली कर्मचाऱ्यांसह फुटून आले, त्यांच्याशीही रुस्तमजींनी आधी बोलणी केली होती.

आपलं सैन्य उघडपणे उतरलं डिसेंबरमध्ये. त्याआधीचे आठ महिने मुक्तिबाहिनीला, म्हणजे बांगलादेशच्या स्वातंत्र्यसैनिकांना, हात देणारे, आणि एक कोटी निर्वासित लोंढ्याने येत असताना सीमेवर उभे असणारे, यांत हे लोक पहिल्यापासून होते. फोर्स जेमतेम सहा वर्षांची होती हो तेव्हा!

---

कन्हानकाठ:

कुर्त्याची गोष्ट वाचून बाबा गप्प झाले एकदम. मग म्हणाले, "सीमेवर येणारा माणूस आधी थंडीने कुडकुडत असतो, मग तो कोण आहे ते विचारायचं."

---

अर्जदार:

वकील म्हणून हाक आली आहे तर येतो. छत्रपती संभाजीनगरला खंडपीठात प्रॅक्टिस करतो.

रिटायर झाल्यावर रुस्तमजी १९७७ च्या राष्ट्रीय पोलीस आयोगाचे सदस्य झाले. धर्मवीर अध्यक्ष होते, आणि सदस्यांमध्ये आपले प्रा. मा. स. गोरे पण होते, मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचे. आयोगाच्या कामासाठी रुस्तमजी बिहारच्या तुरुंगांत गेले. तिथे काय दिसलं, तर खटलाच सुरू न झालेले कैदी. किरकोळ गुन्ह्यांत पकडलेले, गुन्हा सिद्ध झाला असता तरी जेवढी शिक्षा झाली नसती त्याहून जास्त वर्षं आत बसलेले. बायका, पोरं. जामिनाला पैसे नाहीत, वकील नाही, कुणाला आठवणही नाही.

आता बघा, चाळीस वर्षं पोलिसात काढलेला माणूस. तो आयोगाला एक टिपण देऊन मोकळा झाला असता तर कुणी नाव ठेवलं नसतं. त्यांनी इंडियन एक्सप्रेसमध्ये लेख लिहिले, जानेवारी १९७९. ते वाचून ॲडव्होकेट कपिला हिंगोरानी यांनी त्या लेखांच्या आधारावर सुप्रीम कोर्टात याचिका टाकली. ओळख नाही, वकीलपत्र नाही, पेपरातल्या बातमीवर याचिका! तोपर्यंत असं कुणी करत नव्हतं. न्या. भगवतींसमोर ती चालली, हुसैनारा खातून विरुद्ध बिहार राज्य. लवकर खटला चालणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, गरीब आरोपीला मोफत वकील मिळालाच पाहिजे, हे कोर्टाने त्यात सांगितलं. या प्रकरणामुळे देशभरात चाळीस हजार कच्चे कैदी सुटले असं मानलं जातं. जनहित याचिका हा जो शब्द आज गल्लीतला माणूसही वापरतो, त्याची सुरुवात इथून.

मी स्वतः दर महिन्याला विधी सेवेतर्फे तुरुंगात जातो. कच्चा कैदी दिसला की मी पहिला प्रश्न विचारतो, किती दिवस झाले आत? हा प्रश्न मला हुसैनारा वाचून लागलेला आहे. मागच्याच वर्षी एक पारधी मुलगा भेटला, जामीन मंजूर होऊनही पाच महिने आत, कारण हमीदार मिळेना. म्हणजे प्रश्न संपलेला नाही. पण त्या मुलासाठी मी कोर्टात उभा राहिलो तेव्हा हातात जो निकाल होता तो एका रिटायर पोलीस अधिकाऱ्याला तुरुंगातलं बघून झोप लागली नाही म्हणून आलेला.

---

पवनार_आश्रम:

हे माहीत नव्हतं. ज्या माणसाने डाकूंच्या हाराला विरोध केला त्यानेच विसरलेल्या कैद्यांसाठी लिहिलं. आजोबा असते तर त्यांना वाचून दाखवलं असतं.

---

दाभोळखाडी:

कोकणवाल्यांसाठी एक मुद्दा राहिला. सत्तरच्या दशकात आमच्या किनाऱ्यावर सोनं, घड्याळं, टेरिलीन सर्रास उतरायचं, कस्टमच्या बोटी तोकड्या पडायच्या. समुद्रासाठी वेगळं दल पाहिजे का हे ठरवायला १९७४ मध्ये जी समिती नेमली तिचे अध्यक्ष रुस्तमजीच. त्यांनी स्वतंत्र तटरक्षक दल संरक्षण मंत्रालयाखाली असावं अशी शिफारस केली आणि १ फेब्रुवारी १९७७ ला कोस्ट गार्ड सुरू झालं. म्हणजे जमिनीवरची सीमा पण तेच आणि पाण्यावरची पण. आज वादळात आमच्या होड्या अडकल्या की पांढऱ्या बोटी येतात त्या त्यांच्याच कागदावरून आलेल्या आहेत.

---

दुसरी_पिढी:

सगळं छान, पण एक खंत मांडतो. माझे वडील बीएसएफच्या केडरचे अधिकारी, असिस्टंट कमांडंट म्हणून लागले आणि प्रमोशनची वाट बघत रिटायर झाले. वरच्या जागा पोलीस सेवेतून येणाऱ्यांना. डीजी तर कायम आयपीएसच. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने आयजीपर्यंतच्या प्रतिनियुक्तीच्या जागा दोन वर्षांत टप्प्याटप्प्याने कमी करा म्हटलंय, बघू काय होतं. रुस्तमजीही पोलिसातूनच आले होते, म्हणून हा विषय इथे काढावा की नको असा विचार केला, पण काढलाच.

---

निवृत्त_उस्ताद:

साहेब, काढलात ते बरं केलं. तुमच्या वडिलांसारख्या अधिकाऱ्यांखाली आम्ही नाके लावले, त्यांचं दुःख आम्हाला माहीत आहे. पण ६५ ला फोर्सचं स्वतःचं केडर नव्हतंच, बाहेरूनच आणावं लागलं. आणि रुस्तमजी साहेबांनी सैन्यातल्या इमर्जन्सी कमिशनवाल्या, म्हणजे थोड्या काळासाठी घेतलेल्या, तरुण अधिकाऱ्यांना घेऊन केडर तयार करायला सुरुवात केली. त्या पोरांची पुढची पिढी म्हणजे तुमचे वडील. आपली माणसं पुढे वरपर्यंत गेली पाहिजेत हेच खरं.

---

सावनेर_रोड:

ताई, धागा वाचून मी काल कामठीतल्या आमच्या शाळेत फोन केला. हेडमास्तर नवीन आहेत, त्यांनाही माहीत नव्हतं, पण ऐकून घेतलं. फोटो लावायला तयार आहेत. फक्त म्हणाले की कुणीतरी येऊन मुलांना सांगायला पाहिजे. २२ मे ला जन्मदिवस आहे तर तेव्हा ठेवू का? दिल्लीला बीएसएफ दर वर्षी मे महिन्यात त्यांच्या नावाने व्याख्यान ठेवते असं वाचलं.

---

कन्हानकाठ:

भाऊ, २२ मे ला नागपुरात ४५ डिग्री आणि शाळेला सुट्टी, कोण येणार! १ डिसेंबर ठेवा, फोर्सचा स्थापना दिवस. बाबांना विचारलं. ते आधी नको म्हणाले, मला स्टेजवर बोलता येत नाही. आई म्हणाली सदतीस वर्षं पोरांना शिकवलंत ते काय होतं मग. आता कपाटातून मेडल काढून ब्रासो लावत बसलेत आणि मला विचारतायत की सातवीच्या मुलांना नाका समजावून सांगायचा तर शाळेच्या मैदानात झोपून दाखवलं तर चालेल का.

---

निवृत्त_उस्ताद:

चालेल काय, तसंच समजतं. लातूरहून रात्रीची गाडी आहे, मी पण येतो. दोन माणसं लागतात नाक्याला.